पेनल्टीनंतरचा रस्ता

चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस फुटबॉलचा पंच झाला, तर प्रेक्षकांची याहून मोठी सोय ती कोणती? एरवी बिचारे पंचाला "आंधळा आहेस काय रे?" एवढंच ओरडून गप्प बसतात. याच्या बाबतीत मात्र "आधी स्वतःचा नंबर काढ!" इथून सुरुवात करून काचा, फ्रेमा, दुकानाची पाटी असं करत करत त्याच्या सात पिढ्यांपर्यंत पोचता यायचं. इतकी वर्षं तो हे ऐकत आला होता. आता वय पन्नाशीच्या पुढे गेलेलं, डोक्यावरचं रान विरळ झालेलं, पोटऱ्या मात्र अजून दगडासारख्या. शहरात सगळे त्याला शिट्टीमास्तर म्हणायचे, अर्थात त्याची पाठ वळल्यावर.

मित्र म्हणावा असा त्याला कोणी नव्हता. शाळेत दोन कॅप्टन आळीपाळीने आपापले गडी निवडायचे आणि शेवटी हा एकटा उरायचा. उरलेल्याचं करायचं काय, म्हणून मास्तरांनी एकदा त्याच्या हातात शिट्टी दिली. त्याने ती वाजवली, आणि ज्यांनी त्याला घेतलं नव्हतं ते सगळेच्या सगळे जागच्या जागी थांबले. तो दिवस आणि आजचा दिवस. दोन्हीकडून शिव्या आल्या की निकाल बरोबर, असं त्याचं सरळ गणित होतं. कोणी कौतुक केलं तर उलट त्याला संशय यायचा, आपलं काही चुकलं तर नाही ना!

बायको म्हणायची, "अहो, हे घर आहे, मैदान नाही." पण घरात तरी तो कुठे वेगळा होता? भाजीत मीठ जास्त झालं तर जास्त झालं, पाहुण्यांसमोर सांगणार. मुलगी नाचात तिसरी आली तर तिला जवळ घेऊन पहिल्या दोघी कशा बऱ्या होत्या ते समजावणार. खोटं बोलणं त्याला जमायचं नाही, आणि खरं बोलून गप्प बसणं तर त्याहून जमायचं नाही.

त्या शनिवारी जिल्ह्याच्या करंडकाचा अंतिम सामना होता. तोही किनाऱ्याच्या पार टोकाला, बंदराच्या गावात. बंदरवाल्यांनी करंडक जिंकून एक पिढी लोटली होती. किनाऱ्यावरच्या साऱ्या वाड्या-वस्त्यांचा संघ तोच. ज्या गावाला स्वतःचं मैदान नाही तेही बंदराच्याच नावाने ओरडायचं. सामना बरोबरीत होता, वेळ संपत आली होती. आणि एक उंच चेंडू बंदराच्या बचावातल्या बॅकच्या हाताला लागला. त्यांच्याच गोलच्या पुढ्यात.

पंचाने शिट्टी मारली आणि ताठ हाताने पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. गोल झाला. सामना संपला. मग जे काही झालं ते त्याने पोलिसांच्या दोन पाठींच्या मधून पाहिलं. दोन्ही लाइन्समन बंदराच्याच बाजूचे होते. त्यातला एक गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझा झेंडा खाली होता, हे लक्षात ठेवा." दुसरा तर सामना संपायच्या आधीच घरी गेल्यासारखा दिसेनासा झाला होता.

रात्री त्याला बंदराच्या क्लबच्या वरच्या खोलीत ठेवलं. सकाळी नळाला पाणी नव्हतं. क्लबचा रखवालदार पायऱ्यांवर बसून बिडी ओढत होता.

"नळ कधी येईल?" पंचाने विचारलं.

"तुम्ही गेलात की येईल," रखवालदार म्हणाला, आणि बिडीची राख झटकायला दुसरीकडे वळला.

क्लबचा सचिव फाटकाशी उभा होता. त्याने हात पुढे केला खरा, पण नजर रस्त्यावरच्या एका कुत्र्यावर ठेवली. "सांभाळून जा," तो म्हणाला. ते काळजीने म्हटलेलं नव्हतं, हे न कळायला पंच काही दूधखुळा नव्हता.

बंदरापासून त्याच्या शहराकडे एकच रस्ता. डोंगर जिथे उभाच्या उभा समुद्रात उतरला आहे, तिथे कड्याच्या पोटातून तो खोदून काढलेला. एका अंगाला काळा कातळ, दुसऱ्या अंगाला गुडघाभर कठडा आणि त्याखाली थेट पाणी. लोक लांबलांबून हा रस्ता बघायला येतात, वळणावळणावर गाड्या थांबवून फोटो काढतात. पंच या रस्त्याने कितीदा तरी गेला होता, कारण बायकोचं माहेर याच वाटेवर. पण दर वेळी त्याचं लक्ष पांढऱ्या पट्ट्यावर. पुढची गाडी पट्टा ओलांडते की नाही, यावर.

पहिल्या गावात पेट्रोलपंप लागला. टाकीचा काटा तळाकडे झुकला होता. पंचाने गाडी रांगेत लावली. पुढच्या टेम्पोत पेट्रोल भरून झालं. पंपावरच्या बाईने नळी जागेवर टांगली आणि याच्याकडे पाहून म्हणाली, "संपलं."

"आत्ता तर त्याला दिलंत."

"त्याला दिलं म्हणून तर संपलं."

मागे एक मोटारसायकल येऊन थांबली. बाईने नळी पुन्हा उचलली आणि पंचाच्या डोळ्यांदेखत मोटारसायकलची टाकी तुडुंब भरली. मोटारसायकलवाला जाता जाता त्याच्या काचेशी वाकून म्हणाला, "हँडबॉल!" आणि खो खो हसत निघून गेला.

पंचाला खरं सांगायचं तर तोवर मजाच वाटत होती. चला, म्हणजे निकाल बरोबर होता! पण दुसऱ्या गावात त्याने चहाच्या टपरीवर गाडी थांबवली. टपरीवाल्या आजीबाईंनी "बसा" म्हणून बाक दाखवला. तो बसला. चहा उकळत होता, वास येत होता. आजीबाईंनी सगळ्यांचे पेले भरले. मग चुलीवरचं भांडं उतरवलं, उरलेला चहा याच्या पायापासून हातभर अंतरावर गटारात ओतला आणि भांडं विसळायला घेतलं. एक अवाक्षर नाही. बाकावरच्या माणसांपैकी कोणी हसलंही नाही. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

तो उठला. घसा कोरडा पडला होता. गाडीतली बाटली रात्रीच रिकामी झालेली. डाव्या हाताला अख्खा समुद्र पसरलेला, आणि प्यायला थेंब नाही.

तिसऱ्या गावाच्या अलीकडे दरड कोसळली होती. अर्धा रस्ता दगडमातीखाली, उरलेल्या अर्ध्यावरून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडत होते. नारिंगी जाकीट घातलेला एक उंच माणूस हातात दोन झेंडे घेऊन उभा. पंचाची गाडी दिसताच त्याने लाल झेंडा आडवा धरला.

तो बंदराचा बॅक होता. कालचाच. आठवडाभर रस्त्याच्या टोळीत मजुरी करायची आणि शनिवारी खेळायचं, असा तो गडी. त्याने पंचाला ओळखलं आणि पंचाने त्याला. झेंडा तसाच राहिला.

समोरच्या गाड्या येऊन गेल्या. मग बॅकने पंचाच्या मागच्या ट्रकला बाजूने काढून पुढे सोडलं. त्यामागची बस सोडली. त्यामागची भाजीची गाडी सोडली. पंचाने हॉर्न वाजवला. बॅक सावकाश चालत आला आणि खिडकीशी उभा राहिला.

"काय साहेब, घाई आहे?"

"किती वेळ थांबायचं?"

"मी हिरवा दाखवेपर्यंत. नियम नियम असतो. तुम्हाला मी काय सांगायचं!"

पंचाने गाडी बंद केली आणि खाली उतरून कठड्याला टेकला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. मग नाइलाजाने का होईना, त्याने समुद्राकडे पाहिलं. खाली काळे सुळके पाण्यातून वर आलेले, जणू कोणी डोंगर फोडून तुकडे भिरकावले होते. लाट लांबून संथ यायची, सुळक्यांशी आली की चवताळून उठायची आणि तिचा फेस पार कठड्यापर्यंत उडायचा. त्याच्या ओठांवर मीठ बसलं. वारा असा की उभ्या माणसाला ढकलत राहावा. याला लोक सुंदर म्हणतात, त्याच्या मनात आलं. असेलही सुंदर. पण यात माणसाला या-बसा म्हणणारं काही नव्हतं. दगड पाण्याला फोडत होते, पाणी दगडांना खात होतं, आणि दोघंही दमायला तयार नव्हती.

बॅक त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. मजूर लांब होते. तो समुद्राकडे तोंड करूनच बोलला.

"लागला होता."

"काय?"

"बॉल. इथे." त्याने अंगठ्याखालचा मांसल भाग दाखवला. "रात्रभर जाणवत होतं."

पंचाने एकदम त्याच्याकडे पाहिलं. "मग सांग की लोकांना!"

"वेड लागलंय का? मला इथेच राहायचंय. माझी आई बाजारात जाते, बायको पाण्याला जाते. आणि तुम्ही कुठे सांगितलंत, तर मी म्हणेन पंच खोटारडा आहे. शपथ घेऊन म्हणेन."

"मी कशाला सांगू? मी शिट्टी मारली तेव्हाच सांगून झालं."

बॅक हसला, पण ते हसणं ओठांवरच राहिलं. "बघा. हेच. लोकांना पेनल्टीचा एवढा राग नाही, साहेब. बॉल हाताला लागतो, पेनल्टी होते, खेळ आहे. पण तुम्ही ज्या तोऱ्यात बोट दाखवलंत ना... माझ्याकडे बघत होतात तुम्ही. मजा येत होती तुम्हाला."

"काहीतरीच काय!"

"मी समोर होतो. मला दिसलं," बॅक म्हणाला आणि चालू लागला. जागेवर जाऊन त्याने हिरवा झेंडा दाखवला. पण असा, की कुत्र्याला हाकलावं.

पंचाने गाडी सुरू केली. मजा येत होती का? तो स्वतःलाच विचारू लागला. चेंडू हाताला लागलेला दिसला तेव्हा पोटात काहीतरी गरम हललं होतं, हे मात्र खरं. बावीस माणसं, हजारो प्रेक्षक, आणि या सगळ्यांत खरं काय ते मला एकट्याला माहीत आहे, असं काहीतरी. त्याला मजा म्हणतात का? म्हणत असतील.

दरडीच्या त्या पट्ट्यात एक धारदार दगड चाकात घुसला. दोन वळणं जाईतो गाडी एका अंगाला कलली. त्याने डिकी उघडून जादा चाक काढलं, तर तेही बसलेलं. गाडी जुनी विकत घेतलेली, घेऊन जेमतेम दोन महिने झालेले. सगळं तपासून घेतलं होतं त्याने, इंजिनापासून वायपरपर्यंत. एवढं एक चाक सोडून.

फुटलेलं चाक काढून त्याने ते चौथ्या गावाच्या वेशीपर्यंत लोटत नेलं. चढ होता. वाटेत दोन गाड्या गेल्या, एकही थांबली नाही. पंक्चरवाला बुटका, गोल, कपाळाला ग्रीस लागलेला. त्याने चाकाकडे पाहिलं, मग पंचाकडे, मग पुन्हा चाकाकडे.

"तुम्हीच का ते? मी तुमच्याशी बोलणार नाही हं, आधीच सांगतो," तो म्हणाला आणि पुढचा सगळा वेळ त्याचं तोंड बंद झालं नाही. "बोलायचंच नाही असं ठरलंय. सगळ्यांच्या फोनवर आलंय. हे बघा." त्याने हात पुसून फोन काढला आणि मोठ्याने वाचून दाखवलं. "'करडी गाडी.' पुढे गाडीचा नंबर. 'चहा नाही, पाणी नाही, पेट्रोल नाही. कोणी अंगाला हात लावायचा नाही.' आता हात तुम्हाला लावायचा नाही असं म्हटलंय. चाकाला लावायला काय हरकत आहे? काय?"

"कोणी पाठवलंय हे?"

"बोलणार नाही म्हटलं ना! बर्फवाल्याने. पुढच्या गावातला, बर्फाच्या कारखान्यातला. अहो, तुमच्या मागच्या काचेवर काय लिहिलंय ते वाचलंत का? आत्ता टेम्पोवाला बघून आला, सांगत होता."

पंचाने वाचलं नव्हतं. डिकी उघडतानाही त्याचं लक्ष चाकावरच होतं. चाक बसवायला परत गेला तेव्हा त्याने पाहिलं. मागच्या काचेवर समुद्राच्या खारट ओलीचा थर बसला होता आणि त्यावर कोणीतरी बोटाने लिहिलं होतं, 'आंधळा'. म्हणजे बंदरापासून इथपर्यंत अख्ख्या किनाऱ्याने ते वाचलं होतं. त्याने बाहीने पुसलं. काच आणखीच बरबटली.

पण त्याचं चित्त त्या शब्दावर नव्हतं. बर्फवाला म्हणजे त्याचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ.

ती गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. मेहुण्याला फेरीबोटीवर चालकाची नोकरी लागत होती. लहानपणापासून त्याला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. खाडीतल्या होड्यांवरच तो वाढला. नोकरीला डोळ्यांचा दाखला हवा होता. घरातच चष्मेवाला, म्हणून तो हसत हसत दुकानात आला. पंचाने त्याला रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली, ज्यात चांगल्या डोळ्यांना आकडे दिसतात. मेहुण्याला नुसते ठिपके दिसले. लाल आणि हिरवा त्याला वेगळा कळत नव्हता, आणि हे त्याला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. "आकडे सांगून ठेवा भावोजी, मी पाठ करतो," तो म्हणाला होता. पंचाने सही केली नाही. त्या रात्री बायको रडली. मग मेहुण्याने दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडून दाखला मिळवला. आणि पंच दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून बंदराच्या कार्यालयात गेला आणि तो दाखला खोटा आहे म्हणून सांगून आला.

मेहुणा तेव्हापासून बर्फाच्या कारखान्यात लाद्या मोजतो. सणासमारंभाला दोघं एकमेकांकडे पाठ करून बसतात. बायको मधे बसते.

कारखान्यामागे मेहुण्याचं घर. अंगणात पंचाची सासू खाटेवर पाय पसरून शेंगा सोलत होती. मेहुणा दारात उभा. वाट पाहत असल्यासारखा.

"या भावोजी," तो म्हणाला. "पाणी विचारणार नाही. हुकूम माझाच, मीच कसा मोडू?"

"नको तुझं पाणी," पंच म्हणाला. "मला एवढंच सांग, नंबर कुठून मिळाला? गाडी घेऊन दोन महिने झाले. तू तर ती कधी बघितलेलीसुद्धा नाहीस."

"घरी जाऊन विचारा."

"म्हणजे?"

"म्हणजे घरी जाऊन विचारा. मराठीच बोलतोय ना मी?"

पंच तिथेच उन्हात उभा राहिला. सासूने शेंगा थांबवल्या. "जावईबापू, सकाळपासून काही खाल्लं नसेल तुम्ही."

"आई!" मेहुणा ओरडला.

"मी नुसतं विचारलं. देते म्हणून कुठे म्हटलं?" म्हातारी म्हणाली आणि पुन्हा शेंगांना लागली.

"एका पेनल्टीसाठी एवढं?" पंच म्हणाला.

"पेनल्टी गेली खड्ड्यात! मला फुटबॉलचं काय पडलंय?" मेहुणा दोन पायऱ्या उतरून खाली आला. "एक दिवस. फक्त एक दिवस तुम्हाला कळावं म्हणून केलं. जिथे जाल तिथे दार बंद, आणि बंद करणारा बरोबर! काय वाटतं? सांगा ना. मला बोट चालवू दिली असती तर मी बुडवणार होतो का?"

"बुडवणार होतास असं नाही. बुडली असती तर? अंधारात समोरून येणाऱ्या बोटीचा दिवा लाल की हिरवा, तुला कळणार नव्हतं. माणसं बसतात त्यात."

"ठीक आहे! दाखला नाही दिलात, ठीक. नेमाने जाणाऱ्या परक्याने पण दिला नसता. रात्रभर रडलो, पण मनात म्हटलं, माणूस खरा आहे. पण दुसऱ्या डॉक्टरने दिल्यावर तुम्हाला कोणी बोलावलं होतं? दुकान बंद करून, बस पकडून, उन्हात चालत गेलात तुम्ही. ताईने पाय धरले होते तुमचे. तिच्या हातांतून पाय सोडवून गेलात." त्याचा आवाज फाटला. "शिपायाने मला बाहेर काढलं तेव्हा अख्खा धक्का बघत होता. तुमची काय शिट्टी वाजली हो तेव्हा!"

पंचाकडे उत्तरं पुष्कळ होती. माणसांच्या जिवाचं उत्तर, कायद्याचं उत्तर, आणि ती सगळी खरी होती. पण कोणी बोलावलं होतं? कोणीच बोलावलं नव्हतं.

"माझं काही चुकलं नव्हतं," तो अखेर म्हणाला.

"नाहीच चुकलं!" मेहुणा म्हणाला. "तेच तर जळतं. चुकला असतात तर एव्हाना माफ करून मोकळा झालो असतो. निघा आता."

पंच गाडीत बसला. किल्ली फिरवली तेव्हा काट्याने तळ गाठलेला दिसला. मेहुण्यालाही खिडकीतून तो दिसला. तो शिव्या घालत घरात गेला आणि मोटारसायकलसाठी ठेवलेला पेट्रोलचा कॅन घेऊन आला.

"उपकार समजू नका," टाकीत ओतता ओतता तो म्हणाला. "ताईचा नवरा रस्त्यात बंद पडलेला दिसला तर तोंड आम्हाला लपवावं लागेल." निम्मं पेट्रोल बाहेर सांडलं. त्याने मुद्दाम सांडलं की कॅन धड धरला गेला नाही म्हणून, हे पंचाला कळलं नाही. आणि एरवी असं काही न कळणं त्याला आवडायचं नाही.

पुढे वस्ती नाही. दीपगृहाच्या टोकाला वळसा घालून रस्ता पुन्हा कड्यावर चढतो. तिथे एका जागी कातळातून पाणी झिरपतं. पंचाने गाडी थांबवली आणि ओंजळ धरली. पाणी इतकं हळू येत होतं की एक ओंजळ भरायला किती तरी वेळ लागायचा, आणि वारा त्यातलं निम्मं उडवून न्यायचा. तरी तो तिथेच उभा राहून ओंजळीमागून ओंजळ पीत राहिला. सूर्य कलला होता. समुद्र पिवळा पडला होता आणि सुळके त्यात आणखी काळे दिसत होते. चिडून तो स्वतःशीच मोठ्याने म्हणाला, "मी काय करायला हवं होतं?" वाऱ्याने तेही उडवून नेलं.

घरी पोचला तेव्हा दिवे लागले होते. बायको जेवणाच्या टेबलाशी बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने चपला काढल्या आणि दारातच विचारलं.

"गाडीचा नंबर तू दिलास?"

तिने हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली. "हो."

"कशाला ते माहीत होतं?"

"माहीत होतं."

तो खुर्चीत बसला. तिने दुसरा कपडा उचलला. त्याचाच शर्ट होता, पंचाचा, काळा. ती कॉलर सरळ करत म्हणाली, "त्याने काल सामन्यानंतर फोन केला. म्हणाला, ताई, एक दिवस. म्हटलं, अंगाला हात लावायचा नाही, काचेला दगड लागता कामा नये. कबूल असेल तर घे. त्याने शपथ घेतली, मग दिला."

"मी तुझा नवरा आहे."

"तो माझा भाऊ आहे. इतकी वर्षं तुमच्या बाजूने बसले ना मी? एक दिवस तिकडे बसले." तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणून तो जास्त लागला. "तुम्हाला आत्ता राग आलाय. येऊ दे. उद्याही येईल. मला पण येतो, रोज थोडा थोडा."

पंच उठला आणि पुन्हा बसला. ओरडावं, निघून जावं, दुकानात जाऊन झोपावं, सगळं मनात येऊन गेलं. मग त्याच्या तोंडून जे आलं ते त्यानेही ठरवलेलं नव्हतं.

"त्या दिवशी बंदराच्या कार्यालयातून आलो, तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो."

"मला काय सांगता? ताट मीच उचललं होतं."

"मग?"

"मग काय? माझं ठीक आहे, मी बघितलं. त्याने कुठे बघितलं? त्याला वाटतं तुम्ही घरी येऊन ढेकर दिलीत."

"तू सांग ना त्याला."

"मी?" तिने शर्ट टेबलावर ठेवला. "मी नाही सांगणार. नंबर सांगितला तेवढं पुरे झालं माझं. हे तुमचं तुम्ही सांगा."

ती कपड्यांचा ढीग उचलून आत गेली. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज आला, म्हणजे जेवण मिळणार होतं. पण वाढायला ती बाहेर आली नाही. त्याने स्वतःच ताट घेतलं आणि उभ्या उभ्याच जेवला.

तो त्या आठवड्यात मेहुण्याकडे गेला नाही. पुढच्याही नाही. जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेने त्या मोसमात त्याला किनाऱ्यावरचा एकही सामना दिला नाही, आणि त्यानेही का म्हणून विचारलं नाही. एकदा दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, त्याने फोन उचलून बर्फाच्या कारखान्याचा नंबर लावला. पलीकडून मेहुण्याचा आवाज आला, "हॅलो, कोण?" मागे लाद्या सरकल्याचा खडखडाट चालला होता.

"मी बोलतोय," तो म्हणाला.

पलीकडे खडखडाट चालूच राहिला. मेहुण्याने काही विचारलं नाही, आणि फोनही ठेवला नाही.